साबुदाण्याच्या कंदातलं सायनाइड

आषाढी एकादशी जवळ आली की ‘साबुदाण्यात विष असतं’ असा मेसेज फिरू लागतो. बाजारातल्या साबुदाण्याबद्दल ही भीती निराधार आहे. पण तो ज्या कंदापासून होतो, त्या कसाव्यात सायनाइड खरंच दडलेलं असतं, आणि ते दडवण्याची रीत विलक्षण आहे.

कसाव्याच्या पेशीत लिनामारिन नावाचं संयुग रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या पिशवीसारख्या कप्प्यात, बंद असतं. ते फोडणारं विकर (एन्झाइम), लिनामारेज, असतं पेशीभित्तिकेत. उंदरानं कंद कुरतडला की पेशी फुटते, दोघांची गाठ पडते, लिनामारिनमधली साखर सुटते आणि उरलेल्या भागातून ॲसिटोन नि हायड्रोजन सायनाइड बाहेर पडतं. सायनाइड सुमारे २६ अंशांनाच उकळतं, म्हणून किसून, पिळून, भाजून ते उडवता येतं. ॲमेझॉनच्या खोऱ्यातले लोक कीस ‘टिपिटी’ नावाच्या विणलेल्या लांब नळीत भरून पिळतात. कडू जातीचा कंद आख्खाच उकळला, तर उष्णतेनं आधी विकर निकामी होतं आणि लिनामारिन तसंच राहतं!

पोटात गेलेलं सायनाइड तंतुकणिकांमधलं (मायटोकाँड्रियांमधलं) सायटोक्रोम ऑक्सिडेज, म्हणजे पेशीला ऑक्सिजन वापरू देणारं विकर, अडवतं. रक्तात ऑक्सिजन असूनही पेशी गुदमरते. थोडं सायनाइड शरीर गंधक जोडून थायोसायनेटच्या रूपात लघवीवाटे काढून टाकतं. ‘डिटॉक्स’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पेयांची इथे काही गरज नाही. गंधक हवं, आणि ते येतं आहारातल्या प्रथिनांतून.

सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी हा कंद ब्राझीलहून आफ्रिकेत नेला. निकृष्ट जमिनीत, कमी पावसात तगणारा म्हणून तो तिथे कोट्यवधींचं अन्न झाला. कंद भिजवून, आंबवून, वाळवून खायच्या रीतीही तिथे रुजल्या. पण १९८१च्या दुष्काळात उत्तर मोझांबिकमधल्या नाम्पुला प्रांतात भुकेल्या लोकांना कंद पुरता वाळू देण्याइतकी सवड नव्हती, ताटात डाळ-मासे नव्हते आणि कोरड्या जमिनीत कंदातलं विष वाढलेलं होतं. हजाराहून अधिक माणसांचे पाय कायमचे ताठरले, त्यांत बायका-मुलंच जास्त. या आजाराचं नाव ‘कोन्झो’. काँगोतल्या याका भाषेत त्याचा अर्थ ‘बांधलेले पाय’. युरोपीय जहाजांनी जगाला काय दिलं हे सांगताना आपण बटाटा-मिरची मोजतो. हे पायही त्यात मोजायला हवेत.

आपला साबुदाणा मुख्यतः तमिळनाडूतल्या सेलम भागातून येतो. तिथे कंद सोलून, किसून, पाण्यात कालवून खाली बसलेला स्टार्च घेतात आणि त्याचे दाणे भाजून वाळवतात. यात सायनाइड निघून जातं, पण प्रथिनंही जवळजवळ उरत नाहीत. खिचडीत ती येतात शेंगदाण्याच्या कुटातून, आणि भुईमूगही मूळचा दक्षिण अमेरिकेतलाच.