पार्श्वभूमी : बाळाची प्युरी आणि माळ्यावरचं पुरणयंत्र

भाचीचं उष्टावण साताऱ्यात, आमच्याच घरी झालं. तिला मांडीवर घेऊन सोन्याच्या अंगठीनं खीर चाटवायचा मान मामाचा, म्हणजे माझा. खीर तिनं थुंकली. दुसऱ्या दिवसापासून बहिणीनं भाज्या वाफवून प्युरी सुरू केली आणि आई म्हणाली, "आमच्या वेळी असलं काही नव्हतं."

आईचं खरं आहे. वरचं अन्न सहाव्या महिन्यात सुरू करायचा हिशेब मात्र फार जुना. आयुर्वेदातली सुश्रुतसंहिता सहाव्या महिन्यात हलकं, हितकर अन्न द्यायला सांगते. काश्यपसंहितेचं म्हणणं जरा वेगळं : सहाव्यात फळं, अन्नप्राशन दहाव्यात. घरोघरी चाललं ते धान्यच. तांदूळ नि मूगडाळ धुवून, वाळवून, भाजून, जिऱ्यासोबत भरडायची आणि मऊ शिजवायची, हे खिमट. जावळी-पाटणच्या डोंगराकडं नाचणी. मोड आणून दळलेल्या नाचणीची पेज लवकर घट्ट होत नाही, त्यामुळं तेवढ्याच वाटीत पीठ जास्त जातं आणि बाळाला गिळताही येतं. भाजी आलीच तर वरणात शिजलेली, घासापुरती. तिला वेगळी वाटी नव्हती. शिवाय आज प्युरीत हमखास असणारे लाल भोपळा, बटाटा आणि रताळं हे तिघंही मूळचे अमेरिका खंडातले; सुश्रुताला ते ठाऊक असायचं कारणच नाही.

भाजीची वेगळी वाटी आली ती डब्यातून. स्वित्झर्लंडमध्ये हेन्री नेस्ले यांनी १८६७ मध्ये बाळांसाठी काढलं ते दूध आणि पिठाचं मिश्रण होतं. भाज्यांची पाळी नंतर आली. अमेरिकेत १९२१ च्या सुमारास हॅरॉल्ड क्लॅप यांनी बाळांसाठी भाज्यांचं सूप विकायला काढलं आणि १९२८ मध्ये मिशिगनमधल्या फ्रेमाँट गावच्या गर्बर कुटुंबानं गाळलेल्या भाज्यांचे डबे बाजारात आणले. त्याआधी तिथल्या आयाही वाटाणे शिजवून चाळणीवरच घासत होत्या.

पण इतकं गुळगुळीत कशाला? पुढं १९५० च्या दशकात तिकडं अवघ्या काही आठवड्यांच्या बाळांनाही वरचं अन्न सुरू करायची रीत पडली. ज्या बाळाची मानही धरलेली नाही, त्याला पाण्यासारखं पातळच लागणार. २००१ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेनं सहा महिने फक्त आईचं दूध अशी शिफारस केली. म्हणजे सुरुवात पुन्हा आपल्या सहाव्या महिन्यावर आली. पातळपणाची सवय तेवढी मागं राहिली. सहा महिन्यांच्या बाळाला चमच्यावरून ओघळणार नाही इतकं दाट अन्न चालतं, किंबहुना तेच द्यावं. पातळ प्युरीनं इवलंसं पोट पाण्यानंच भरतं. आणि याच वयात आईकडून मिळालेला लोहाचा साठा संपत येतो. नुसत्या भोपळ्यानं तो भरून निघत नाही, डाळ, अंडं असलं काही सोबत लागतंच. आईच्या खिमटात निदान डाळ तरी होती.

आपल्याकडं १९९२ चा कायदा आणि २००३ ची दुरुस्ती यांमुळं दोन वर्षांखालच्या बाळांच्या अशा विकतच्या खाण्याची जाहिरात करता येत नाही. तरी प्युरी आली, कारण तोवर स्वयंपाकघरात कुकर, मिक्सर आणि फ्रीज होते आणि नंतर हातात मोबाइलही आला. बर्फाच्या ट्रेमध्ये गाजराची प्युरी गोठवून ठेवणं हे माझ्या आजीला सांगितलं असतं, तर तिनं मलाच बाळगुटी दिली असती.

आमच्याकडं घोडं अडलं बटाट्यावर. मिक्सरमधून निघाला तो ताणला तर लांबेल असा, अगदी खळीसारखा. पात्यानं पेशी फाटून स्टार्च बाहेर येतो, त्याचा हा चिकटपणा. आई म्हणाली, "मिक्सर कशाला लावतेस? पुरणयंत्र आहे की माळ्यावर." होळी सोडली तर वर्षभर धूळ खाणारं ते भांडं. उकडलेला बटाटा त्यात घालून दांडा फिरवला, तर खालून भुरभुरीत, हलका कीस पडला. दोन चमचे वरण आणि तुपाचा थेंब घातला, मीठ नाही. बाळाला पहिलं वर्षभर ते लागतही नाही. भाची ते खाऊन चमचाच चावत बसली.

आठव्या महिन्यात बहिणीनं यंत्राला मोठ्या भोकांची जाळी बसवली. नवव्यात यंत्र परत माळ्यावर गेलं आणि भोपळा नुसत्या चमच्याच्या पाठीनं चेपला जाऊ लागला.