लायसन्स-की मागितली नाही, म्हणजे फुकट?

"डेटाबेस टाकताना की मागितली नाही, म्हणजे लायसन्स लागत नाही." नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या आयटीवाल्यांत हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. असं वाटणं साहजिकच. बाकीची बरीच सॉफ्टवेअरं की, म्हणजे लायसन्सचा कोड, घातल्याशिवाय हलत नाहीत.

ओरॅकल डेटाबेसचं तसं नाही. त्याची एंटरप्राइझ एडिशन, म्हणजे सगळ्यात मोठी आवृत्तीसुद्धा की न विचारता चालू होते. कुलूप सॉफ्टवेअरला नाही, करारात आहे: किती प्रोसेसर, किती वापरणारे, हे कागदावर ठरतं. काही जादा सोयींचे पैसे वेगळे, पण त्याही बिनबोभाट चालतात. आणि वापराची नोंद राहते. 'डीबीए फीचर युसेज स्टॅटिस्टिक्स' हा व्ह्यू, म्हणजे डेटाबेसमधलाच नोंदींचा तक्ता, उघडून बघा. कोणती सोय पहिल्यांदा कधी वापरलेली दिसली, शेवटची कधी, तारखेसकट सापडतं.

मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसची डेव्हलपर एडिशन फुकट मिळते, सोयी एंटरप्राइझच्याच. पण ती डेव्हलपमेंट आणि टेस्टिंगपुरती. गोडाऊनची रोजची गेटपास एंट्री तिच्यावर चालत असेल तर ते प्रॉडक्शन, म्हणजे कामाचा खरा वापर झाला. 'सिलेक्ट ॲट-ॲट-व्हर्जन' ही कमांड चालवा, उत्तरात एडिशनचं नाव येतं.

पोस्टग्रेस हा डेटाबेस मात्र खरंच फुकट. पण ते त्याच्या ओपन सोर्स लायसन्समुळे, की मागत नाही म्हणून नव्हे.