टोर्नेडो, छप्पर आणि ते दोन टक्के : थोडी पार्श्वभूमी

अमेरिकेत टोर्नेडोने घर गेलं तर घराचा विमा पैसे देतो का, हे दर वसंतात कुणीतरी विचारतंच. देतो. नेहमीच्या होमओनर्स पॉलिसीत टोर्नेडो वाऱ्याच्या नुकसानीत मोजला जातो, पुरासारखी किंवा भूकंपासारखी वेगळी पॉलिसी काढावी लागत नाही. भांडणं होतात ती हातात किती पडणार यावरून, म्हणजे डिडक्टिबलवरून : नुकसानीतला जो पहिला वाटा आपण स्वतः सोसायचा, तो आता वारा-गारांसाठी बऱ्याच पॉलिसीत ठरावीक डॉलरऐवजी टक्क्यांत असतो, उदाहरणार्थ 2%. आणि ही भांडणं काही फार जुनी नाहीत.

आधीचं थोडक्यात सांगतो. 1880 च्या दशकात मिडवेस्टमध्ये टोर्नेडोचा विमा वेगळा विकायचे, कारण घराची पॉलिसी म्हणजे आगीची पॉलिसी. 1887 मध्ये लष्कराच्या सिग्नल खात्यातल्या एका अधिकाऱ्याने टोर्नेडोवर पुस्तक लिहिलं आणि ते छापलं विम्याच्या मासिकवाल्यांनी, म्हणजे धंदा कुठे आहे ते त्यांना तेव्हाच कळलं होतं. 1930 च्या दशकात आगीच्या पॉलिसीला जोडपत्र आलं, त्यात वारा, गारा, स्फोट, दंगल, विमान, गाडी, धूर सगळं एकदम. 1950 च्या आसपास चोरी आणि लायबिलिटी (आपल्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई) मिळून आजचं पॅकेज तयार झालं. पूर तेवढा बाहेर राहिला, त्याची सरकारी योजना 1968 ची.

त्यानंतर बरीच वर्षं डिडक्टिबल सरळ होतं. पाचशे डॉलर, हजार डॉलर, छप्पर उडो नाहीतर नळ फुटो, तेवढे आपले आणि बाकीचे कंपनीचे. ऑगस्ट 1992 मध्ये अँड्र्यू वादळाने दक्षिण फ्लोरिडा झोपवला, विम्याचं नुकसान 15 अब्ज डॉलरच्या घरात गेलं, काही कंपन्या बुडाल्या आणि ज्या वाचल्या त्यांनी किनाऱ्यावरच्या पॉलिसीत आकडा काढून टक्के टाकले. तो किनाऱ्यापुरता उपाय होता असं म्हणतात. मग समुद्रापासून शेकडो मैल आत असलेल्या राज्यांमध्ये वारा-गारांसाठी वेगळं टक्केवारीचं डिडक्टिबल कसं काय शिरलं, तर गारांनी. एक वादळ येतं आणि हजारो छपरं एका दुपारी खराब करून जातं. 2023 मध्ये अमेरिकेत असल्या गडगडाटी वादळांनी विमा कंपन्यांचे 50 अब्ज डॉलरच्या वर घालवले, त्यामुळे कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ आहे असं नाही. पण बदल केला तो रिन्यूअलच्या कागदांच्या गठ्ठ्यात, एका ओळीत, हे मला पटत नाही.

कारण ते 2% कशाचे हेच बहुतेकांना माहीत नसतं. लोकांना वाटतं नुकसानीचे. ते असतात घर पुन्हा बांधायला जेवढ्याचा विमा आहे त्या रकमेचे. घराचा विमा 4,50,000 डॉलरचा असेल तर 2% म्हणजे 9,000. वाऱ्याने छप्पर खराब झालं, नवं टाकायला 16,000 लागणार, तर जुन्या हिशोबाने हजार वजा जाऊन 15,000 आले असते, आता येणार 7,000. आणि दरवर्षी बांधकाम महागलं म्हणून कंपनी ती विम्याची रक्कम आपोआप वाढवते, तर तुमचं डिडक्टिबलही वाढतं, कुणी काही बोलत नाही.

त्यात पॉलिसीत छप्पर घसाऱ्याने धरलं असेल, म्हणजे नव्याच्या किमतीतून त्याच्या वयाप्रमाणे पैसे कापायचे असतील, तर बघा. 20 वर्षांचं छप्पर, 12 झालीत, 60% घसारा. 16,000 मधून 9,600 गेले, उरले 6,400, त्यातून 9,000 वजा करायचे. म्हणजे क्लेम मंजूर, कव्हरेज आहे, चेक शून्याचा! डॅलसच्या बाजूला प्लेनो, फ्रिस्कोकडे इतकी मराठी घरं आहेत, त्यांनी तरी पॉलिसीचं पहिलं पान काढून ही ओळ बघावी.

गंमत म्हणजे टोर्नेडो थेट घरावरून गेला तर हे टक्के तेवढे टोचत नाहीत. 22 मे 2011 ला मिसुरीतल्या जॉप्लिनमध्ये किंवा 20 मे 2013 ला ओक्लाहोमातल्या मूरमध्ये ज्यांचं घर मुळापासून गेलं, तसल्या नुकसानीत साडेचार लाखातून नऊ हजार कमी म्हणजे काही नाही, तिथे प्रश्न वेगळा, मूळ रक्कमच बांधकामाला पुरते का हा. टोर्नेडो किती जोराचा, ईएफ-1 का सगळ्यात वरचा ईएफ-5, याच्याशी पॉलिसीला काही देणंघेणं नसतं. मार बसतो तो दोन गल्ल्या पलीकडच्यांना, ज्यांची छपरावरची अर्धी शिंगल्स (कौलांसारखे तुकडे) उडाली, कुंपण पडलं, आणि बातमीत ज्यांचं नावही नाही.

फ्लोरिडात अजून एक गुंता. टोर्नेडो चक्रीवादळातून (हरिकेनमधून) निघाला तर तो चक्रीवादळाच्या वेगळ्या डिडक्टिबलमध्ये जातो, जे साधारणपणे जास्त असतं. 9 ऑक्टोबर 2024 ला मिल्टन चक्रीवादळ पश्चिम किनाऱ्यावर पोचायच्या आधीच पूर्व किनाऱ्याकडे त्याच्या टोर्नेडोंनी माणसं मारली, तिथे हाच नियम.

टक्केवारी आल्यावर टेक्ससमध्ये रूफर (छप्पर बसवणाऱ्या) लोकांनी त्यावर तोडगा काढला. गारा पडल्या की दुसऱ्या दिवशी दारात हजर, शिडी लावून वर जाणार, खडूने गोल करून फोटो काढणार आणि म्हणणार, डिडक्टिबलचं आम्ही बघतो. म्हणजे बिल फुगवणार. 1 सप्टेंबर 2019 पासून तिथे हा गुन्हा आहे, आणि ज्या पॉलिसीत घसाऱ्याचे पैसे कायमचे कापत नाहीत, नुसते काम होईपर्यंत राखून ठेवतात, तिथे ते सोडण्याआधी कंपनी तुमच्याकडे डिडक्टिबल भरल्याचा पुरावा मागू शकते, कॅन्सल झालेला चेक किंवा कार्डाचं स्टेटमेंट, त्यामुळे रूफरला रोख देत असाल तर पावती घ्या.