चंद्रावर झेंडा लावला म्हणजे चंद्र अमेरिकेचा झाला का?

हे कित्येक वर्षं फिरतंय, की 1969 ला झेंडा रोवला म्हणून चंद्र अमेरिकेच्या मालकीचा. नाही हो! त्याच्या दोन वर्षं आधी, 1967 लाच बाह्य अवकाश करार झाला होता, त्यात सरळ लिहिलंय की चंद्रावर कुठलाही देश सार्वभौमत्व सांगू शकत नाही, आणि अमेरिकेने त्यावर सही केलेली. वर त्यांच्याच संसदेने 1969 च्या कायद्यात म्हटलंय की झेंडा हा अभिमानाचा भाग, मालकीचा दावा नाही.

मग काही जण म्हणतात, बंदी देशांना आहे, माणसांना नाही, म्हणून चंद्रावरचे प्लॉट विकता येतात. छान पळवाट, पण खासगी लोकांच्या कामाचीही परवानगी, देखरेख आणि जबाबदारी त्याच करारात देशावर टाकलीय, त्यामुळे प्लॉटसोबत मिळणारं मालकीचं सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर लावा, बास.

खरा घोळ वेगळाच आहे, एकाच्या यानाने शेजारच्याचं नुकसान होण्याचा. अमेरिकेचं माणसं नेणारं अपोलो 12 उतरलं ते सर्व्हेयर 3 या आधीच उतरलेल्या मानवरहित यानापासून दीडशे-पावणेदोनशे मीटरवर, आणि नंतर सर्व्हेयरचे तिथून आणलेले भाग तपासले तर अपोलोच्या इंजिनाच्या झोताने उडालेल्या धुळीने ते अक्षरशः खरवडलेले! हवाच नाही तर धूळ अडणार कशाने? म्हणून 2020 च्या आर्टेमिस करारात, म्हणजे चंद्रावर कसं वागायचं याबद्दल अमेरिकेच्या पुढाकाराने झालेल्या करारात, सेफ्टी झोन आलेत, म्हणजे आपण कुठे काय करतोय ते आधी कळवायचं आणि एकमेकांशी बोलून घ्यायचं. हे झोन तात्पुरते असतात, कुंपण नव्हे. मात्र चीन आणि रशिया त्यात नाहीत, आणि माझ्या मते खरी अडचण तीच आहे.