साइटमॅपची फाइल गेली कुठे?

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातली मराठी मुलं गावच्या दुकानांसाठी, वाचनालयांसाठी वेब ॲप बांधून क्लाउडवर चढवतात. ॲप छान चालतं, पण गूगलवर शोधलं तर सापडत नाही. क्रॉलर, म्हणजे शोधयंत्रासाठी पानं गोळा करणारा प्रोग्राम, लिंक धरत पुढे जातो आणि अशा लहान साइटकडे बाहेरून येणाऱ्या लिंक मोजक्याच असतात. म्हणूनच साइटमॅपची, म्हणजे साइटवरच्या पानांचे पत्ते क्रॉलरला सांगणाऱ्या यादीची, गरज मोठ्या पोर्टलांपेक्षा आपल्याला जास्त आहे, असं माझं ठाम मत आहे.

१९९४ मध्ये आलेली रोबोट्स डॉट टीएक्सटी ही साइटवर ठेवायची छोटी फाइल क्रॉलरने कुठे जाऊ नये एवढंच सांगायची. कुठे यावं हे सांगण्याची सोय गूगलने जून २००५ मध्ये केली. नोव्हेंबर २००६ मध्ये याहू आणि मायक्रोसॉफ्टने तोच नमुना मान्य केला. पुढच्या वर्षी रोबोट्स फाइलमध्येच साइटमॅपचा पत्ता देता येऊ लागला.

तेव्हा गृहीत एकच होतं: साइटमॅप म्हणजे सर्व्हरच्या डिस्कवरची फाइल. रात्री क्रॉन जॉब, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप होणारं काम, चालायचा, एक्सएमएल (साइटमॅपचा मजकूर ज्या स्वरूपात लिहितात ते) लिहून ठेवायचा, काम झालं. २००८ च्या गूगल ॲप इंजिन या क्लाउड सेवेने ॲपला डिस्कवर लिहूच दिलं नाही. हेरोकू या दुसऱ्या क्लाउड सेवेवर लिहिता येतं, पण डायनो (ॲप ज्यात चालतं तो तिथला कप्पा) दिवसातून एकदा तरी नव्याने सुरू होतो आणि लिहिलेलं पुसलं जातं. शिवाय ठरल्या वेळचं काम वेगळ्याच डायनोवर चालतं. तिथे तयार झालेली फाइल वेब डायनोला दिसतही नाही. कोडमध्ये चूक नसताना ४०४, म्हणजे ‘पान सापडलं नाही’ हा संदेश, येतो तो इथे.

यातून दोन वाटा निघाल्या. एक, फाइल ॲमेझॉनच्या एस३सारख्या क्लाउडवरच्या साठवणीत टाकायची. पण साइटमॅप आणि त्यातली पानं एकाच होस्टवर (म्हणजे एकाच साइट-नावाखाली) हवीत असा नियम आहे. तेव्हा आपल्या डोमेनच्या रोबोट्स फाइलमध्ये त्या बाहेरच्या फाइलचा पत्ता द्यावा लागतो. दुसरी, फाइल न ठेवता मागणी येताच डेटाबेसमधून एक्सएमएल तयार करून द्यायचं आणि उत्तर काही तास कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, ठेवायचं. एका साइटमॅपमध्ये ५०,००० पत्ते मावतात, त्यामुळे आपल्याकडच्या बहुतेक साइटना दुसरी वाट पुरते.

देवनागरी पत्ते मात्र एन्कोड करूनच, म्हणजे प्रत्येक अक्षराचं %, आकडे आणि रोमन अक्षरं यांत रूपांतर करून, द्यावे लागतात. नुसतं ‘बेळगाव’ ५४ अक्षरांचं होतं, आणि एका पत्त्याची मर्यादा २,०४८ आहे. लांबलचक मथळ्याचा पत्ता केला की ती जवळ येते. २०१४ मध्ये शहराचं अधिकृत नाव बदललं. त्यानंतर ज्यांनी पत्त्यांतलं इंग्रजी स्पेलिंग बदललं, त्यांनी साइटमॅपमध्ये नवेच पत्ते ठेवावेत आणि जुन्यांवरून ३०१ने, म्हणजे ‘पान कायमचं हललं’ या खुणेने, नव्यांकडे वळवावं. मराठी-कन्नड जोडपानं असतील तर त्यांचं नातंही साइटमॅपमध्ये नोंदवता येतं.

नवं पान आल्याची वर्दी देणारा पिंगचा मार्ग गूगलने २०२३ मध्ये बंद केला. साइटमॅपमध्ये पानाचं महत्त्व सांगणारी प्रायॉरिटी आणि ते किती वेळा बदलतं हे सांगणारा चेंजफ्रीक गूगल पाहतच नाही. लास्टमॉड, म्हणजे शेवटच्या बदलाची तारीख, पाहतो, पण तारीख खरी ठरत असेल तरच. मागणीनुसार एक्सएमएल बनवताना तिथे आजची तारीख टाकू नका, डेटाबेसमधली बदलाची तारीख घ्या.