क्रीडा प्रबोधिनीत ज्युदोसाठी प्रवेश: पात्रता, चाचण्या आणि कागदपत्रं

आमच्या क्लबातल्या मुलांचे पालक मला सगळ्यात जास्त विचारतात तो प्रश्न असा: "सर, आठवड्यातून तीन दिवस क्लास होतो, पण याला पुढे न्यायचं तर कुणाच्या हाताखाली द्यायचं?" ज्युदो पुस्तकातून येत नाही. कॉलर धरलेल्या हाताचं मनगट किती वळवायचं, समोरच्याचा तोल नेमका कुठल्या क्षणी जातो, हे रोज शेजारी उभं राहून दाखवणारं माणूस लागतं. महाराष्ट्रात सरकारी खर्चाने असं शिकायची सोय म्हणजे क्रीडा प्रबोधिनी. क्रीडा व युवक सेवा संचालनालयाच्या शिवछत्रपती क्रीडापीठांतर्गत या प्रबोधिन्या चालतात. निवासी प्रवेश मिळाला तर प्रशिक्षण, राहणं, जेवण आणि शाळा ही सगळी जबाबदारी शासनाची. काही जागा अनिवासी असतात, म्हणजे मूल घरी राहून केंद्रावर सरावाला जातं. ज्युदोच्या जागा कुठल्या केंद्रावर आणि किती, हे त्या वर्षीच्या जाहिरातीतच बघा, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

प्रवेशाच्या वाटा वेगवेगळ्या आहेत आणि इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. मुलाने राज्य स्पर्धेत पदक मिळवलं असेल किंवा तो राष्ट्रीय स्पर्धेत खेळला असेल, आणि वय 19 वर्षांच्या आत असेल, तर त्याला सरळ प्रवेशासाठी अर्ज करता येतो. पण नाव 'सरळ' असलं तरी तज्ज्ञ समितीसमोर चाचणी द्यावीच लागते आणि निवड गुणानुक्रमेच होते. दुसरी वाट खेळनिहाय कौशल्य चाचणीची. राज्य स्पर्धेत सहभाग आहे पण पदक नाही, अशा 19 वर्षांखालच्या मुलांसाठी ती आहे. लहान मुलांसाठी, म्हणजे साधारण 8 ते 14 वयोगटासाठी, शारीरिक क्षमतेच्या चाचण्यांची वाट असते. त्यात उंची, वजन, 30 मीटर धावणं, 6×10 मीटर शटल रन, मेडिसिन बॉल फेक, जागेवरून उंच आणि लांब उडी, पुढे वाकून लवचिकता आणि 800 मीटर धावणं असं सगळं मोजतात. त्या वर्षी कुठल्या वाटा खुल्या आहेत, हेही जाहिरातीतच कळतं.

शटल रनची तयारी घराजवळच्या मोकळ्या जागेत सहज होते. दहा मीटरवर दोन खुणा करा आणि वळताना कंबर खाली ठेवायची सवय लावा. मुलं धावताना नाही, वळताना वेळ घालवतात.

कौशल्य चाचणीच्या दिवशी मुलगा कोणती अवघड फेक दाखवतो यापेक्षा तो पडतो कसा, हे जाणता प्रशिक्षक आधी बघतो. पाठीवर पडताना हनुवटी छातीला, हात अंगापासून थोडा लांब आणि तळव्याचा मॅटवर एकच खणखणीत आवाज. हा आवाज आला की समजायचं, याला कुणीतरी नीट शिकवलंय. ज्याला न घाबरता पडता येतं त्यालाच पुढचं शिकवता येतं. मग उजव्या-डाव्या दोन्ही पकडी, ओ सोटो गारी किंवा सेओई नागे यांसारखी एखादी फेक, आणि खाली मॅटवरची धरपकड. ज्युदोगी, म्हणजे ज्युदोचा जाड पोशाख, धुतलेली असावी, नखं कापलेली असावीत, केस रबराने बांधावेत. धातूची क्लिप चालत नाही.

अर्ज जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात करायचा असतो. जाहिरात वर्तमानपत्रांत येते, पण मुदत फार नसते, त्यामुळे शाळेच्या क्रीडाशिक्षकांना आधीपासून सांगून ठेवा. कागद असे लागतात: जन्मदाखला, आधार कार्ड, चालू वर्षाचं शाळेचं बोनाफाईड, महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा, खेळाची प्रमाणपत्रं आणि पासपोर्ट आकाराचे फोटो. मूळ प्रती सोबत न्यायच्या, द्यायच्या मात्र झेरॉक्स. निवड झाली की शाळा बदलते, मग शाळा सोडल्याचा दाखला लागतो. मुलाच्या नावाने बँक खातं नसेल तर तेही उघडून ठेवा.

कागदांपैकी दोन गोष्टींवर मी जरा अडून बसतो. पहिली, नाव आणि जन्मतारीख सगळीकडे तंतोतंत एक हवी. माझ्या एका विद्यार्थिनीच्या आधारवर वडिलांचं नाव नव्हतं आणि बोनाफाईडवर आडनावाचं स्पेलिंग वेगळं होतं. पोर तयारीची होती, पण दुरुस्ती होईपर्यंत मुदत निघून गेली. त्या दिवशी ती क्लबात येऊन काही न बोलता मॅट झाडत बसली होती, ते मला अजून दिसतं. तेव्हापासून मी जूनमध्येच सगळ्यांचे कागद एकदा टेबलावर मांडून बघतो.

दुसरी गोष्ट प्रमाणपत्राची. 'ऑल इंडिया', 'इंटरनॅशनल' अशा भारदस्त नावांच्या खासगी स्पर्धा खूप भरतात. पालक हजारो रुपये भरतात, पोरगं पदक घेऊन येतं, पण प्रवेशाच्या वेळी त्या कागदाला किंमत नसते. धरली जाते ती जिल्हा, विभाग, राज्य अशी पायरी चढून गेलेली शालेय स्पर्धा किंवा मान्यताप्राप्त संघटनेची अधिकृत अजिंक्यपद स्पर्धा. फी भरण्याआधी जिल्हा क्रीडा कार्यालयात जाऊन एकदा विचारा, दहा मिनिटांचं काम आहे.

निवड झालेल्या मुलांची वैद्यकीय तपासणी होते. वय कमी दाखवण्याच्या फंदात कुणी पडू नका, कुणी सुचवलं तरी नाही. त्यात एका खऱ्या वयाच्या मुलाची जागा जाते.

प्रवेश घेण्याआधी जमलं तर केंद्रावर जाऊन एक सराव बसून बघा. प्रशिक्षक एकेका मुलाजवळ जाऊन पकड सुधारतात का, की लांबून शिट्टी मारतात? मोठी मुलं लहानांना उचिकोमीला, म्हणजे फेकीची पुन्हा पुन्हा आवर्तनं करायला, सोबत घेतात का? जपानमध्ये 1882 साली कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू करणाऱ्या, ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी 'जिता क्योएई', म्हणजे आपलं आणि दुसऱ्याचं भलं एकत्रच, हे ज्युदोचं तत्त्व मानलं. चांगल्या केंद्रात ते असं सरावात दिसतं. एखाद्या सीनियर पोराला बाजूला घेऊन विचारा, "दुखापत झाली की सर काय करतात?" त्याच्या उत्तरावरून खूप कळतं.

पहिले काही महिने मूल फोनवर म्हणेल, "नुसतं पडायलाच लावतात." घाबरून त्याला परत आणू नका. सरांशी बोला, आणि पहिल्या सुट्टीत तो घरी आला की गादीवर एकदा पडून दाखवायला सांगा.