दोन विमानतळांमधलं हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ

हवाई अंतर म्हणजे दोन विमानतळांमधली पृथ्वीच्या पाठीवरून जाणारी सगळ्यात जवळची वाट. तिला ग्रेट सर्कल किंवा बृहद्वृत्त म्हणतात आणि सपाट नकाशावर ती बहुतेक वेळा वाकडी दिसते. न्यूयॉर्क आणि माद्रिद घ्या, दोन्ही साधारण ४० अंश उत्तरेला, तरी जवळची वाट सरळ पूर्वेला जातच नाही, ती मधे ४६ अंशांपर्यंत वर चढते आणि तेवढ्यानेच दीडशेएक किलोमीटर वाचतात. पटत नसेल तर पृथ्वीच्या गोलावर दोन्ही ठिकाणी दोरा धरून ताणून बघा, दोरा आपोआप वर सरकतो.

हिशोब अक्षांश-रेखांशावरून होतो, पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किमी धरून. पृथ्वी ध्रुवांपाशी थोडी चपटी आहे म्हणून अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक पडू शकतो. कुठलीही दोन ठिकाणं २०,००० किमीच्या फार पलीकडे जाऊच शकत नाहीत, कारण तो पृथ्वीचा अर्धा घेर झाला. वैमानिक मात्र नॉटिकल मैलात मोजतात, १ नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किमी.

आता खरी गोष्ट ही की विमान त्या रेषेवरूनच जाईल असं अजिबात नाही. सिंगापूर ते न्यूयॉर्क हे अंतर साधारण १५,३०० किमी आहे आणि जवळची वाट उत्तर ध्रुवाच्या जवळून जाते, पण न्यूयॉर्ककडे जाणारं विमान बरेचदा पॅसिफिकवरून लांबचा वळसा घेतं, कारण तिथे जेट स्ट्रीमचा, म्हणजे उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोरदार वारा पाठीमागून ढकलतो आणि जास्त किलोमीटर उडूनसुद्धा वेळ आणि इंधन वाचतं. वाऱ्याचा जोर किती असतो ते लंडन–न्यूयॉर्कवर नीट दिसतं, अंतर तेच ५,५५० किमीच्या आसपास, पण लंडनकडे येताना जवळपास तासभर कमी लागतो. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्याच्या जोरावर एक प्रवासी विमान न्यूयॉर्कहून ५ तासांच्या आत लंडनला पोचलं होतं! उलटही होतं, २०२२ मध्ये रशियाचं आकाश बंद झालं आणि हेलसिंकी–टोकियो प्रवास साडेनऊ तासांवरून १३ तासांच्या घरात गेला, कारण विमानाला वळसा घ्यावा लागला, हवाई अंतर मात्र एक किलोमीटरनेही वाढलं नाही.

तिकिटावरचा वेळ गेट सोडल्यापासून पुढच्या गेटला लागेपर्यंतचा असतो, त्याला ब्लॉक टाइम म्हणतात, म्हणजे टॅक्सी करणं (विमान जमिनीवरून धावपट्टीपर्यंत चालवत नेणं), रांग, उतरण्याआधीच्या घिरट्या सगळं त्यातच. जेट विमानाचा वेग ताशी ९०० किमीच्या आसपास असला तरी अंदाज काढताना किलोमीटरला ८५० ने भागून वर अर्धा तास धरावा, बऱ्यापैकी जुळतं. सिंगापूर–न्यूयॉर्कला असं केलं तर साडेअठरा तास येतात, प्रत्यक्षातही तेवढेच किंवा थोडे जास्त लागतात.

घड्याळाचा घोळ वेगळाच. तिकिटावर निघायची आणि पोचायची वेळ त्या-त्या ठिकाणची असते, त्यामुळे सरळ वजाबाकी केली की हमखास चुकतं. टोकियोहून रात्री ९ ला निघून ७ तास उडालात तर होनोलुलूला त्याच तारखेला सकाळी ९ वाजता उतरता, कारण मधे वाररेषा, म्हणजे जिथे तारीख बदलते ती रेषा, ओलांडली जाते आणि दोन्हीकडच्या घड्याळात १९ तासांचा फरक आहे. म्हणून आधी दोन्ही वेळा यूटीसीमध्ये, म्हणजे जगभर एकच धरल्या जाणाऱ्या प्रमाण वेळेत करायच्या, मग वजाबाकी. मधे विमान बदलायचं असेल तर थांब्याचे तासही त्यात येतातच, आणि हवाई अंतराच्या आकड्यात ते कुठेच दिसत नाहीत.